चिठ्ठी नेणारे

नाशकात तिवंध्यातल्या आमच्या वाड्यात सख्खी, चुलत, आते अशी आम्ही भावंडं एकत्रच वाढलो. घरात दादासाहेब फाळक्यांचा अभिमान मोठा. 1918 साली नाशकात उभी राहिलेली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी, ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली फाळक्यांची छोटी मंदाकिनी, हे सगळं आजोबा रंगवून सांगत. पण सिनेमा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलीच्या प्रेमाचा असला, की तेच आजोबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि आत्या म्हणे, “त्यात काय बघायचंय?”

बघायचं खूप होतं. विजयानंद, मधुकर, हेमलता, सर्कल ही आमची ठिकाणं. तिकीट खिडकीवर बायकांची रांग वेगळी आणि आखूड असे, त्यामुळे नवा सिनेमा लागला की भावांना बहिणींची आठवण होई. ताईने रांगेत उभं राहायचं, दादाने सायकली लावून यायचं. ताईबरोबर तिची मैत्रीण असे, दादाबरोबर त्याचा मित्र. एरवी गल्लीत ज्यांना एकमेकांकडे मान वर करून पाहायची चोरी, ती मुलंमुली तीन तास एका ओळीत बसत आणि मध्यंतरात एकाच पुडीतले शेंगदाणे खात. रंगपंचमीला रंगाने भरलेल्या रहाडीत धप्पा मारणारे मुलगे आणि वर सज्जातून बघणाऱ्या मुली, एवढंच अंतर ज्या गावात ठरलेलं होतं, तिथे हे फार होतं. आमच्या पिढीची मैत्री टॉकीजच्या त्या लाकडी खुर्च्यांवर रुजली.

29 एप्रिल 1988 ला ‘कयामत से कयामत तक’ आला. ‘बॉबी’ काकांच्या पिढीचा, हा आमचा. आमीर आणि जुही शेजारच्या वाड्यातून आल्यासारखे वाटले. कॅसेटची फीत गुंतेपर्यंत गाणी वाजली. शेवटी दोघं मरतात याचं आम्ही रडून घेतलं, पण ते रडणंही हवंहवंसं होतं. दोन घराण्यांचं वैर हे कुठल्यातरी लांबच्या ठाकुरांचं प्रकरण होतं, आमच्या ओसरीशी त्याचा संबंध नव्हता.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस ‘मैंने प्यार किया’ आला आणि ओसरीवर वाद पेटला. मुलगा आणि मुलगी नुसते मित्र असूच शकत नाहीत, असं त्यातलं एक पात्र हेटाळून सांगतं. काकूंचं मतही तेच: विस्तवाजवळ लोणी ठेवू नये. दादा तावातावाने भांडला. ताई मात्र सिनेमावरच नाराज होती. “मैत्री मैत्री म्हणून सुरू केलं, आणि शेवटी लग्नच ना?” तिचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. मैत्रीला लग्नाची पहिली पायरी मानून त्या सिनेमाने काकूंनाच जिंकवलं.

ताईच्या बोलण्याला कारण होतं. कॉलेजातला तिचा एक मित्र होता. जात वेगळी. मैत्री केव्हा पुढे गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. चिठ्ठ्या जायच्या सावानाच्या पुस्तकांतून. 1840 पासूनच्या त्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायचं काम नववीतल्या धाकट्या चुलत भावाकडे होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आली तेव्हा एकदमच आली. ताईचं लग्न त्याच वर्षी धुळ्याकडे झालं. भावाला काकांनी पट्ट्याने मारलं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

मराठी सिनेमा आमच्याकडे उशिरा वळला, पण वळला तेव्हा नेमकं बोलला. 2012 च्या जानेवारीत सुजय डहाकेंचा ‘शाळा’ लागला. मिलिंद बोकिलांची कादंबरी आम्ही सगळ्यांनी वाचलेली होती. आणीबाणीतली नववी, जोशी आणि शिरोडकर, आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे सुऱ्या, चित्र्या, फावड्या. शिरोडकर गाव सोडून जाते. जोशीला घडवते ती मात्र ही टोळी. 2014 मध्ये नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आला. शालूसाठी जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, आणि शालूशी काही देणंघेणं नसलेला पिऱ्याही त्याच्यासोबत हिंडतो. हिंदी सिनेमाने नायकाच्या मित्राला बहुतेक वेळा हसवायला ठेवलं. मंजुळेंना तो माणूस दिसला, याबद्दल मला त्यांचं ऋण वाटतं.

मग ‘सैराट’ आला. तारीख पुन्हा 29 एप्रिल, मध्ये अठ्ठावीस वर्षं. ताई माहेरी आली होती, मी तिला आणि तिच्या लेकीला घेऊन गेले. गाण्यांवर पोरं खुर्च्या सोडून नाचली, लेकही नाचली. या वेळी वैर लांबच्या ठाकुरांचं नव्हतं. करमाळ्याकडचं गाव, आपली भाषा, आपल्यासारखीच घरं. पळून जाणाऱ्या आर्ची-परश्याला मदत केली म्हणून परश्याचे मित्र सल्या आणि लंगड्या मार खातात, मग कथा हैदराबादला निघून जाते आणि ते दोघे मागे राहतात.

बाहेर आल्यावर लेक शेवटाबद्दल बोलत होती. ताईने मला विचारलं, “त्या सल्या-लंगड्याचं पुढे काय झालं असेल गं?”

त्या रात्री तिने आता पुण्यात असलेल्या त्या धाकट्या चुलत भावाला फोन लावला. त्याला मार बसला होता हे तिला माहीत होतं. किती बसला, हे तिने तोवर कधी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. एक चिठ्ठी शेवटपर्यंत पोचवता आली नाही, तीही कुठल्या पुस्तकात होती ते त्याला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी दादाचा मला फोन आला, त्याच्या मित्राबद्दल, आणि मग आते-भावंडांचे. त्या मे महिन्यात आम्ही दुसरं काही बोललोच नाही.