भिंत न फोडता घराच्या पोटात : व्हाइट हाऊसची गोष्ट (थ्रेड)

१/
जुन्या दगडी वा विटांच्या घराची दुरुस्ती करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो. दोष जमिनीखाली असतो आणि तिथवर जाण्याची वाट अनेकदा नसतेच. वाट करावी तर भिंत फोडावी लागते. भिंत फोडावी तर घराचा भार पेलणार कोण? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे घरही या प्रश्नातून सुटले नाही.

२/
व्हाइट हाऊसची कोनशिला १३ ऑक्टोबर १७९२ रोजी बसवली गेली. वास्तुरचनाकार जेम्स होबन. बाहेरच्या भिंतींचा वालुकाश्म व्हर्जिनियातील अ‍ॅक्विया येथील खाणींतून आला. तो काढणाऱ्या हातांत गुलामांचे हात होते. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने घर जाळले आणि होबन यांनीच ते पुन्हा उभारले.

३/
पुढची सव्वाशे वर्षे घर वरून सजत गेले आणि आतून पोखरत गेले. नळ आले, गॅस आला, वीज आली. प्रत्येक सोयीसाठी कुणीतरी तुळईत खाच पाडली, भिंतीला भोक पाडले. १९०२ मध्ये भोजनकक्ष वाढवताना भार पेलणारी एक भिंत काढली गेली. १९२७ मध्ये पोलाद आणि काँक्रीटचा नवा तिसरा मजला चढला. त्याचे ओझे आतल्या जुन्या भिंतींवर आले.

४/
त्या भिंतींचा पाया उथळ होता आणि खाली मऊ चिकणमाती. भिंती हळूहळू खचत होत्या. वर झुंबरे हलत, जमीन पावलांखाली थरथरे. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या कन्येच्या, मार्गारेट यांच्या पियानोचा पाय जमिनीच्या फळ्या फोडून खाली गेला. त्यानंतर दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रुमन कुटुंब समोरच्या ब्लेअर हाऊसमध्ये राहू लागले.

५/
सर्व पाडून नवे बांधावे, असाही एक मार्ग समोर होता. अखेर निर्णय झाला तो मधला : बाहेरच्या दगडी भिंती राखायच्या, आतले सारे काढून पोलादी सांगाडा उभारायचा. काँग्रेसने ५४ लाख डॉलर मंजूर केले. १९४९ च्या डिसेंबरात काम सुरू झाले.

६/
पहिले काम पायाचे. उभ्या भिंतीखाली एकदम लांब खंदक खणला तर भिंत कोसळते. म्हणून एका वेळी थोडाच भाग मोकळा करायचा, तिथे खोल खड्डा घ्यायचा, काँक्रीट भरायचे, भार त्यावर टेकवायचा आणि मगच शेजारच्या भागाला हात लावायचा. असे शंभराहून अधिक खांब सुमारे २५ फूट खोल, खडीच्या घट्ट थरापर्यंत नेले गेले. घराला नवे पाय मिळाले, पण घर जागचे हलले नाही.

७/
मग तळघरांची खोदाई. त्यासाठी आत बुलडोझर हवा होता आणि तो दारातून मावत नव्हता. भिंतीला मोठे भगदाड पाडणे सोपे होते. ट्रुमन यांनी त्यास नकार दिला. यंत्राचे भाग सुटे करून आत नेले गेले आणि तिथेच पुन्हा जोडले गेले. अ‍ॅबी रो यांच्या छायाचित्रांत ते पोकळ घर आजही दिसते : चहूबाजूंनी भिंती, मध्ये मातीचा खड्डा आणि तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोललेले वरचे बांधकाम.

८/
हा हट्ट केवळ भावनेचा म्हणता येत नाही. दगडी भिंतीत दार रुंद करायचे म्हणजे काही दगड काढणे एवढेच नव्हे. वरून उतरणाऱ्या भाराची वाट तिथे तुटते. त्याला आधी टेकू द्यावा लागतो, मग नवी पट्टी वा कमान घालून तो दोन्ही बाजूंना वळवावा लागतो. जुन्या भिंतीवर हा प्रयोग महागात पडू शकतो. यंत्र सुटे करता येते, पुन्हा जोडताही येते. भिंतीचे तसे नाही.

९/
किंमत मात्र मोजावी लागली. आतल्या जुन्या वास्तूचा मोठा भाग मलबा म्हणून गेला. रस्त्यालगतच्या ब्लेअर हाऊसवर १ नोव्हेंबर १९५० रोजी ट्रुमन यांना मारण्यासाठी हल्ला झाला. त्यात पहारेकरी लेस्ली कॉफेल्ट यांचा जीव गेला.

१०/
२७ मार्च १९५२ रोजी ट्रुमन परतले आणि दहा महिन्यांत पदावरून पायउतार झाले. ज्या घरासाठी एवढा खटाटोप केला, ते त्यांना फार काळ लाभले नाही. जे राहिले ते जुन्या घराचे कवच, आतले नवे. तरीही लोक त्याला जुनेच घर म्हणतात. कारण ती भिंत तशीच उभी आहे, आणि तिच्याखाली आता काय आहे हे वरून दिसत नाही. पायाचे काम असेच असते : ते नीट झाले की कुणाच्या लक्षातही येत नाही.