टाचणात नसलेला जेसीबी

माझ्या टाचणवह्या फार देखण्या असायच्या. लाल शाईने तारीख, निळ्या शाईने विषय, पट्टीने आखलेले रकाने: उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. पुढच्या आठवड्याचं टाचण काढल्याशिवाय शनिवारी मी बालवाडीतून उठत नसे. नव्या शिक्षिकांना नमुना म्हणून माझी वही दाखवली जायची आणि मीही ती खुशीने दाखवू द्यायची. मुलं साडेतीन-चार वर्षांची. सोमवारी अकरा वाजता त्यांना कशाचं कुतूहल वाटणार, हे मला शनिवारीच ठाऊक असे.

एका आठवड्याचा विषय होता ‘वाहतुकीची साधने’. बैलगाडीपासून विमानापर्यंतचा तक्ता मी भिंतीवर टांगला आणि नेमकं त्याच सकाळी नगरपालिकेने समोरच्या गटाराचं काम काढलं. जेसीबी आला. क्षणात सगळा वर्ग खिडकीच्या गजांना लटकला. “बाई, तो माती खातोय!” “बाई, त्याला दात कशाला?” एवढा चांगला प्रश्न त्या वर्षात मला कुणी विचारला नव्हता. मी खिडकी लावून घेतली आणि मुलांना तक्त्यासमोर बसवलं. तक्त्यावर जेसीबी नव्हता. बाहेरचा आवाज तरीही येतच होता, म्हणून बैलगाडी जरा चढ्या आवाजात शिकवली. मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिलं, ‘मुलांचे लक्ष विचलित. पुन्हा सराव आवश्यक.’

बरं, मी अडाणी होते असंही नाही. गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर १९२० सालचं, राजकोटची नोकरी सोडून ताराबाई मोडक तिथे गेल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. १९४५ नंतर बोर्डीत मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आले. मी हे ‘थोर कार्य’ या मथळ्याखाली मुद्द्यांसकट पाठ केलं होतं. शाळा उचलून कुरणावर नेणाऱ्या बायकांवर मी पानभर लिहू शकत होते, पण एक खिडकी उघडी ठेवणं काही मला सुचलं नाही.

पुढे एका शिबिरात इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांची फिल्म पाहिली. मुलाच्या मनात जे येतं त्यातूनच तिथे दिवसच्या दिवस काम उभं राहतं. मी भारावून परतले आणि नवा पंथ घेतलेल्या माणसासारखी वागू लागले. टाचणवही कपाटात गेली. आता मूल जे आणेल तोच आमचा विषय!

त्या वर्षी वर्गात एक मुलगा होता. बोलायचा फार कमी, पण त्याच्या खिशात रोज काहीतरी असायचं. पावसाळ्यात एकदा त्याने आगपेटीतून पैसा आणला, म्हणजे तो तांबूस काळा, हात लावला की वेटोळं करून पडणारा किडा. कोपऱ्यात बसून तो त्याला बोट लावायचा, किडा मिटायचा, उलगडेपर्यंत हा वाट पाहायचा, उलगडला की पुन्हा बोट. बराच वेळ हे चाललं होतं.

मला मात्र तिथे संधी दिसली. मी जवळ जाऊन विचारलं, “अरे वा, कोण आलंय आज? रंग कोणता याचा? पाय किती, मोजू या?” पैशाचे पाय मोजायला मी स्वतः बसले नसते. मग टाळी वाजवून सगळ्यांना गोलात बसवलं, आगपेटी हातोहात फिरवली, “याचा आकार कोणता?” “गोऽल!” झालं. दुपारपर्यंत कागदाच्या पट्ट्यांची वेटोळी झाली, किड्यावर गाणं झालं, फोटो पालकांना गेले. एका आईने ‘किती कल्पक!’ असं कळवलंही. आगपेटी शेवटी त्या मुलाकडे परत आली तेव्हा रिकामी होती. किडा कुठे पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याखेरीज.

नंतर त्याने गंजका स्क्रू आणला, त्याचा मी ‘धातू’ केला. पानाला चिकटलेला कोष आणला, त्याचं फुलपाखरू करून भिंतीवर लावलं. मग एके दिवशी तो मूठ मिटून आत आला. “काय आणलंस रे?” “काही नाही.” हात पाठीमागे गेला. त्यानंतर तो पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसू लागला. मी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिलं, ‘मितभाषी. गटकार्यात सहभाग कमी.’

ज्यांच्याकडे फक्त झाडलोट आणि डबे असं आम्ही धरून चाललो होतो, त्या मावशींनी मला सांगितलं. कपडा पिळता पिळता म्हणाल्या, “बाई, त्याचं समदं तुम्ही घेऊन टाकताय.” त्या पैशाच्या दिवशी लादी पुसताना त्या त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. तो पुटपुटत होता, एक, दोन, तीन, सात, दहा. किडा उलगडेपर्यंत आकडे. पुढच्या खेपेला पुन्हा एकपासून. आकड्यांचा क्रम चुकत होता, पण तो वेळ मोजत होता. घड्याळ न कळणाऱ्या वयात त्याने वेळ मोजायची युक्ती काढली होती, आणि मी त्याला गोल शिकवला. तो आकार त्याला आधीच येत होता. वर्ष संपलं तरी त्याने मला पुन्हा काही दाखवलं नाही. मावशींना दाखवायचा.

यावर मी जो उपाय केला तोही धड नव्हता. घाबरून मी काही करायचंच थांबवलं. मुक्त खेळ म्हणजे मुलं मोकळी आणि बाई हजेरीपटावर. ठोकळे दांडग्या मुलांनी बळकावले, बाहुलीघरातली तीच दोन भांडी महिनोन्महिने तिथेच, आणि लाजऱ्या मुली भिंतीकडेने फिरत राहिल्या. मुलांवर सोपवलं असं मी सांगायची. खरं तर मी त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं.

सावकाश कळत गेलं, की टाचणाचं काम संपत नाही, त्याची वेळ बदलते. मुलं येण्याआधी वाळू ओली करून ठेवायची की कोरडी, चिंचोके कुठे ठेवायचे, आपण कुठे बसायचं, हे ठरवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. मग पाहायचं, आणि एखादी गोष्ट सरकवायची किंवा गप्प राहायचं. हा निर्णय मिनिटाभरात घ्यावा लागतो आणि निम्म्या वेळा चुकतो. इंग्लंडमधल्या काही बालशाळांत आधी टाचण न काढता, जे घडलं त्याची नोंद नंतर लिहितात, हे पुढे वाचनात आलं. तशी माझी एक नोंद सापडली: ‘पिंपाजवळ ती बाटलीत पाणी भरत होती. सांडत होतं. नरसाळं शेजारी ठेवलं. तिने ते डोक्यावर टोपी म्हणून घातलं. बाटली वाटीने भरली.’ मूल्यमापनाचा रकाना नाही. जुन्या वहीतलं एकही पान मला आठवत नाही, ही नोंद मात्र आठवते.

आता मी अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेते. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे, त्यामुळे मला बोलावणी येतात. मध्यंतरी ‘मुलाच्या कलाने नियोजन’ हा विषय होता. वेळ अकरा ते साडेबारा. एक सेविका उठून म्हणाली, “ताई, आमच्याकडं परवा एक गंमत झाली,” आणि मी म्हटलं, “जेवणाच्या सुट्टीत बोलू हं, अजून चार स्लाइड आहेत.”

सुट्टीत मी तिच्या शेजारी डबा उघडला. तिच्याकडची मुलं ‘अंगणवाडी अंगणवाडी’ खेळत होती. एक मुलगी ताई झाली होती. तिने ठोकळ्याचा मोबाईल केला, सगळ्यांना रांगेत उभं केलं, “हलू नका, फोटो येत नाही,” असं दटावत एकेकाचा फोटो काढला आणि मग म्हणाली, “झाली शाळा, जा घरी.”

बाजूच्या सगळ्याजणी हसल्या. हजेरी आणि फोटो भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे सरकारी ॲप त्यांच्याही मोबाईलमध्ये होतं. मी म्हटलं, “हेच लिहा की वहीत, जसं घडलं तसं.”

“लिहिलं असतं ओ,” ती म्हणाली, “पण वही सुपरवायझर मॅडम वाचतात.”