हदगावच्या वाटेवरचा ‘मोठा बुटका’

नांदेडहून हदगावला निघालात तर एस.टी.त खिडकीची जागा पकडा. अर्धापूर आलं की रस्त्याकडेला केळीच्या बागा दिसू लागतात. मराठवाडा म्हणजे दुष्काळ असंच तुम्ही ऐकलेलं असतं ना? इथं मात्र पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी कालव्यांनी शेतात येतं आणि काळी जमीन केळीला मानवते.

केळीला आपण झाड म्हणतो खरं, पण त्यात लाकूड औषधालाही नाही! खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक घट्ट गुंडाळी. वर भला मोठा घड लटकलेला, त्यात वादळ आलं की अख्खी बाग आडवी. म्हणून जात निवडताना शेतकरी आधी उंची विचारतो. बसराई बुटकी, वाऱ्याला टिकणारी. अर्धापुरी जातीला तर गावाचंच नाव. आता जास्त लागवड दिसते ती ग्रँड नैनची. आपले शेतकरी तिला ‘जी-नाईन’ म्हणतात. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठा बुटका’! हसू आलं? पण नाव अगदी चपखल आहे. ही बसराईपेक्षा उंच, तरी साधारण सहा-सात फुटांचीच. नीट जोपासली तर घड 25 ते 30 किलोंचा भरतो. केळी लांब आणि सारख्या आकाराची, त्यामुळे खोक्यात भरून दूर पाठवायला सोपी.

आता एक केळं सोलून बी शोधा बरं. सापडेल? बारीक काळे ठिपके, बस्स! बी नाही, मग रोप कुठून येतं? बुडाशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून, नाहीतर प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या उतींपासून. म्हणजे बागेतली सगळी जी-नाईन एकाच झाडाच्या हुबेहूब नकला.

इथंच गोम आहे. पूर्वी जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाची केळी चाले. पनामा रोगाची बुरशी मातीतून मुळांत शिरली आणि 1960 च्या सुमारास त्या बागांचा धंदाच बसला. एकाला रोग झाला की सगळ्यांना, कारण सगळी सारखीच ना! तेव्हा कॅव्हेंडिश कुळातली केळी त्या रोगापुढे टिकली. कॅव्हेंडिश हे इंग्लंडच्या एका ड्यूकचं आडनाव. 1830 च्या दशकात त्याच्या काचघरात ही केळी वाढवली होती. बसराई आणि जी-नाईन याच कुळातल्या.

पण त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. अलीकडच्या वर्षांत तो बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत सापडला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते. औषध फवारून ती जात नाही. रोगट मुनव्यांबरोबर, वाहत्या पाण्याबरोबर, अवजारांना लागलेल्या चिखलाबरोबर ती पसरते. म्हणून रोपं खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यायची असतात.

तुम्ही बाग बघायला उतरलात तर मालकाला विचारून आत जा. आणि दुसऱ्या बागेत शिरण्याआधी चपलांचा चिखल धुऊन टाका, बरं का!