नाव न घेण्याविषयी

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्यामुळे या लेखातला 'आम्ही' संपादकीय थाटाचा नाही, खरोखरच दोघांचा आहे. मराठीत त्याची एक सोयही आहे. 'मी' म्हटले की पुढे 'लिहितो' की 'लिहिते' हे ठरवावेच लागते. 'आम्ही' म्हटले की क्रियापद लिंग सांगत नाही. मात्र एका मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही, तिथे वेगवेगळे बोलावे लागेल.

गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. आमच्यापैकी एकाची आई, म्हणजे दुसरीच्या सासूबाई, वय ८१, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणतो; फक्त एक जण 'तू' म्हणतो आणि दुसरी 'तुम्ही'. इथे 'आई पडली' लिहावे की 'पडल्या' यावरही आमची थोडी चर्चा झाली, शेवटी आदरार्थी बहुवचन राहू दिले. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यवस्थित झाली.

अशा शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना काही दिवस भ्रम होऊ शकतो, असे आम्हाला आधीच सांगितले होते. म्हणून सकाळच्या फेरीला आलेला तरुण डॉक्टर रुग्णाला साधे प्रश्न विचारून पाही. त्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवत, त्यामुळे पुढचा संवाद आम्हाला नंतर कळला. "आजी, नाव काय तुमचं?" सांगितले. "आपण कुठं आहोत?" "दवाखान्यात." "आज वार कोणता?" वारही बरोबर आला. "आजोबांचं नाव काय?" आई गप्प. कमी ऐकू येत असेल म्हणून डॉक्टरने तेच मोठ्याने विचारले. आईंनी आजूबाजूच्या खाटांकडे एकदा पाहिले आणि त्यालाच उलट विचारले, "सोमवारी बेल कुणाला वाहतात?"

डॉक्टरने कागदावर नोंद केली. आम्हाला सांगण्यात आले की आजी जरा गोंधळल्या आहेत, असंबद्ध बोलतात. रात्री त्यांना झोपेचे औषध दिले गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याविषयीचे सगळे प्रश्न त्यांच्या खाटेवरून पलीकडे, आमच्याकडे येऊ लागले: जेवल्या का, दुखतंय का त्यांना, रात्री झोपल्या का. त्या जाग्या होत्या, ऐकत होत्या. त्यांना कोणी काही विचारीना. खरे सांगायचे तर आम्हीही विचारीना. आम्हीही त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्या आवाजात, तुटक वाक्यांत बोलू लागलो. आईंनी भिंतीकडे तोंड केले ते दोन दिवस. त्यामुळे तर भ्रमाची आमची खात्रीच पटली. माणूस गप्प झाला की त्याला कळत नाही असे आपण धरून चालतो, आणि आपण तसे धरतो म्हणून तो आणखी गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी चादर बदलायला आलेल्या मावशी सहज म्हणाल्या, "त्यांना काय झालेलं नाही. नाव घेत नाहीत त्या मालकांचं. शंकराचं असणार, होय ना?" फेरीच्या वेळी त्या तिथेच फरशी पुसत होत्या.

वडिलांचे नाव महादेव. ते जाऊन दहा वर्षे झाली.

आम्ही दोघे अठरा वर्षे लोकसाहित्याचा पेपर शिकवत आहोत. उखाण्याचे सामाजिक कार्य यावर टीप लिहा, हा प्रश्न आम्हीच किती वेळा काढला असेल. पतीचे नाव उच्चारण्याचा निषेध, त्यातून निघालेली यमकाची पळवाट, लग्नाच्या पंक्तीत बायकांनी त्या बंधनाचाच केलेला खेळ, हे सगळे फळ्यावर लिहून झाले आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा १९६० सालचा सर्वनामांवरचा निबंधही आम्ही वर्गात सांगतो: एकेरी आणि आदरार्थी सर्वनामांच्या वापरात एक अक्ष अधिकाराचा आणि एक जवळिकीचा. एवढे असूनही आईंचे बोलणे आमच्या कानाला असंबद्ध वाटले. मावशींना वाटले नाही. डॉक्टरला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या घरात कदाचित आई वडिलांना नावाने हाक मारत असेल. त्याला कोडे ऐकू येण्याचे कारणच नव्हते. सांगितल्यावर तो ओशाळला आणि त्याने ती नोंद खोडली. आमचे तसे नव्हते. आम्हाला ऐकू यायला हवे होते.

या प्रसंगानंतर ओळखीची पुस्तके पुन्हा काढली. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातच 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. हे इतके लक्षणीय होते की १९३८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादाचे नावच 'हिमसेल्फ' ठेवले गेले. एका बाईने आत्मकथन लिहावे आणि त्यात 'स्वतः' या शब्दाचा अर्थ नवरा असावा! वर्गात हे सांगितले की मुली हसतात. हसणे थांबल्यावर एखादी विचारते, मग तिने स्वतःला काय म्हणायचे?

पुढे १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' येऊ लागली, आणि लक्ष्मीबाई सरळ 'टिळक' लिहितात. आडनाव, तेही एखाद्या सहकाऱ्याचे घ्यावे तसे. त्या आडनावात आदर आहे, राग आहे, थट्टाही आहे. आमच्या मते मराठी गद्यातले हे एक मोठे धाडस आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९९० मध्ये सुनीता देशपांडे 'आहे मनोहर तरी'मध्ये 'भाई' म्हणतात. तिघींनीही नाव मात्र टाळलेच, प्रत्येकीने आपापल्या वाटेने. आणि याच भाषेत त्यांच्या कित्येक शतके आधी जनाबाई प्रत्यक्ष विठ्ठलाला अरेतुरे करून, शिव्या देऊन मोकळी झाली होती. देवाला चालते ते नवऱ्याला चालत नाही.

आता मतभेदाचा मुद्दा. आमच्यापैकी जो मुलगा आहे त्याचे म्हणणे असे की त्या न उच्चारण्यात केवळ दबाव पाहू नये. आईंच्या पिढीला चारचौघांत जवळीक दाखवण्याची दुसरी भाषाच नव्हती; जे नाव आपण घेत नाही ते आपले असते. वडीलही त्यांना नावाने हाक मारत नसत, 'ऐकलंस का' म्हणत. तेव्हा संकोच दोन्ही बाजूंनी होता.

जी सून आहे तिला हे पटत नाही. 'ऐकलंस का' एकेरी आहे आणि 'अहो' आदरार्थी, हा फरक व्याकरणाचा नव्हे, असे ती म्हणते. वडिलांनी आईंचे नाव रेशनकार्डावर, बँकेत, शाळेच्या दाखल्यावर बिनदिक्कत सांगितले. त्यांना कोणी भ्रमिष्ट ठरवले नाही. ज्याला नियम पाळावा लागत नाही त्याला तो काव्यमय वाटतो. ती स्वतः घरात नवऱ्याला 'तू' म्हणते, गावी गेल्यावर 'अहो', आणि स्टाफरूममध्ये 'सर'. ही अदलाबदल करताना तिला एक क्षण थांबावे लागते. त्याला कुठेच थांबावे लागत नाही. तो सर्वत्र तिला नावानेच हाक मारतो. वीस वर्षांत हे त्याच्या लक्षात आले नव्हते. वाद तिथे संपला नाही, पण तो बराच वेळ काही बोलला नाही.

जाता जाता एक गोष्ट. कोल्हापूरकडची एक विद्यार्थिनी आमच्या वर्गात 'मी जातो', 'मी आलो' असे बोले. तिकडच्या मुली तसे बोलतात. इथल्या मुलींनी तिला 'दादा' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या सत्राअखेर ती 'जाते', 'आले' म्हणू लागली आणि वर्गात बोलायची निम्म्याने कमी झाली. तिचे मराठी सुधारले असे आम्हाला तेव्हा वाटले होते.

आईंना घरी सोडायच्या दिवशी खिडकीवर कारकुनाने एक फॉर्म भरायला घेतला. रुग्णाचे नाव, वय, पत्ता. मग, "पतीचं नाव?" चाकांच्या खुर्चीतून आईंनी सुनेकडे पाहिले. मुलगा औषधे आणायला गेला होता. सुनेने नाव सांगितले, आणि सांगताना तिच्या लक्षात आले की सासऱ्यांचे नाव आपण आजवर कधीच मोठ्याने उच्चारलेले नाही. त्यांना ती 'बाबा' म्हणत असे, इतरांजवळ 'आमचे सासरे'. जीभ किंचित अडखळली.

कारकुनाने ते टंकले. आईंनी तिचा पदर ओढला.

"राव राहिलं," त्या म्हणाल्या.

आधारकार्डावर 'राव' नव्हते, त्यामुळे कारकुनाने ते लावले नाही.