आधी मरळ, मग रॉड

मरळ पाण्यातली असली तरी नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पळसदरीच्या तळ्याचं पाणी ओसरून कडेचं पाणगवत उघडं पडलं की उन्हाची तिरीप चढेपर्यंत काठावर गप्प बसून राहावं. गवताच्या फटीत ‘गप्’ असा दबका आवाज येतो, पाण्यावर एक वर्तुळ उठतं आणि मागोमाग दोन-चार बुडबुडे. तिथे मरळ आहे. रॉड, रीळ आणि लूर (नकली आमिष) यांची निवड या बुडबुड्यांपासून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. दुकान फार पुढे येतं.

माझा भाचा डोंबिवलीला राहतो. कॉलेजात आहे, आणि मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून त्याला मासे गरवायचा नाद लागलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करून त्याने पैसे साठवले आणि मला फोन केला. “मामा, बास-फिशिंगचा पूर्ण सेट मिळतोय. सात फुटी रॉड, बेटकास्टर रीळ आणि वर लूरचा भरलेला डबा. घेऊ ना?”

म्हटलं, “आधी इकडे ये. पाणी बघ, मग पैसे मोड.”

तो ज्याच्या मागे होता तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या तळ्यांत तो नाही. पण पोराचा अंदाज अगदीच हवेत नव्हता. बासही गवतात दबा धरून बसतो, वरून काही सरपटत गेलं की झडप घालतो. त्याच्यासाठी तिकडच्या लोकांनी पोकळ रबरी बेडूक बनवला, आणि तोच बेडूक आज आपल्याकडे मरळीवर सगळ्यात जास्त चालतो. उलट बाजूनेही हेच घडलंय. मरळीच्या घराण्यातला एक चिनी मासा २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात सापडला. तो तिथला नव्हे, म्हणून सरकारने तळ्यात औषध टाकून सगळे मासे मारले. तरी तो पुढे पोटोमॅक नदीत पसरलाच, आणि आता तिथले बासवाले त्याच रबरी बेडकावर त्याला पकडतात.

साम्य इथपर्यंत. बासचे दात कानशीसारखे बारीक असतात, म्हणून व्हिडिओतली माणसं त्याच्या तोंडात अंगठा घालून त्याला उचलतात. मरळीच्या तोंडात बोट घालायचं नाही. तिला खरेखुरे टोकदार दात आहेत आणि जबडा हाडाचा, कडक. तोंड धरायला पकड आणि गळ काढायला लांब चिमटा, ही माझ्या यादीतली पहिली खरेदी असते, रॉडच्याही आधी.

भाचा खोपोली लोकलने आला. कर्जतच्या पुढचं पहिलंच स्टेशन पळसदरी. इथून एक फाटा केळवली, डोलवली, लौजीवरून खोपोलीला जातो आणि मुख्य मार्ग घाट चढायला लागतो. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, त्यासाठी रेल्वेने हे तळं बांधून घेतलं असं इथली जुनी माणसं सांगतात. वर सोनगिरीचा डोंगर. रविवारी स्वामींच्या मठात येणाऱ्यांची वर्दळ असते, पण तळ्याच्या वरच्या अंगाला सकाळी फारसं कोणी नसतं.

आमच्याकडे येणाऱ्याला रॉडबद्दल पहिली गोष्ट मी फलाटावरच सांगतो. रॉड दोन तुकड्यांचा घ्यावा. एकसंध रॉड हातात जास्त जिवंत लागतो हे खरं, पण तो लोकलच्या डब्यात कोणाच्या तरी डोळ्यात जाईल. त्याहून मोठं कारण डोक्यावर असतं. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट आहेत आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. पुलावर किंवा फलाटावर जोडलेला रॉड खांद्यावर टाकून चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. रॉड पिशवीत बंद असला पाहिजे, आणि तळ्यावर पोचल्यावरच तो जोडायचा. मृगाच्या तोंडावर ढगांचा गडगडाट सुरू झाला की तोच रॉड खाली ठेवून काठापासून लांब व्हायचं, मासा लागत असला तरी.

तळ्यावर एक कातकरी बाबा भेटले. मी त्यांना बरीच वर्षं ओळखतो. बांबूची काठी, तिच्याएवढाच लांब तंगूस, एक गळ. रीळ नाही, की काही नाही. गवतातल्या वाटीएवढ्या मोकळ्या जागेवर ते आमिष अलगद नाचवतात. भाच्याने विचारलं, “बाबा, लांब कसं टाकता?”

“लांब कशाला? मासा हितंच हाय,” ते म्हणाले.

मला तेच पोराला दाखवायचं होतं. सकाळची मरळ बहुतेक वेळा काठाच्या दहा-बारा मीटरच्या आतच असते, गवताच्या कडेला, बुडालेल्या खुंटाशी. तिच्यासाठी पन्नास मीटर फेक मारणारा रॉड लागत नाही. लागतो तो गवतातून तिला ओढून काढणारा. गळ लागताक्षणी ती खाली मुळांत घुसते आणि एकदा तंगूस मुळांना वेढला की खेळ संपतो. उरतो तो तोंडात गळ राहिलेला मासा.

म्हणून मी निवड माशाच्या तोंडापासून उलटी करत येतो.

आधी लूर. पोकळ बेडकाचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबतं आणि गळ बाहेर येतात. सगळी मेख या दबण्यात आहे. दुकानात बेडूक अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावा. सहज दबून दोन्ही गळांची टोकं उघडी पडली तर घ्यावा, रबर टणक लागलं तर परत ठेवावा, रंग कितीही सुंदर असो. रंगाचं म्हणाल तर पाठीवरची नक्षी आपल्यासाठी असते. मरळ खालून बघते, तिला दिसतं ते पोट आणि आभाळावर उमटलेली सावली. गढूळ पाण्यात काळं पोट, नितळ पाण्यात पांढरं किंवा पिवळट, एवढं पुरतं. वजन बारा ते पंधरा ग्रॅम. डबाभर लूर घेण्यापेक्षा असे तीन बेडूक घ्यावेत. मोकळ्या पाण्यासाठी एखादा स्पिनर जवळ असावा, त्यावर चिलापीही येते. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणलेली, आता घरोघरची झाली आहे. तिच्यासाठी पाच ग्रॅमच्या आतला स्पिनर आणि हलका रॉड लागतो, आणि तो वेगळा खेळ आहे. रोहू-कटल्यावर लूर फेकत बसू नये. ते पिठावर आणि पेंडीवर येणारे मासे.

मग दोरी. इथे मी पैशाला मागेपुढे बघत नाही. साधा तंगूस ताणला की लांबतो. गवतात झटका दिला तर अर्धा जोर त्या लांबण्यातच जातो आणि मरळीच्या कडक जबड्यात गळ शिरत नाही. विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात, जवळजवळ लांबत नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगूसापेक्षा जाडीला निम्म्याच्या आसपास भरते. चाळीस पौंडी घ्यावी, म्हणजे साधारण अठरा किलोची. गवतात ती थेट बेडकाला बांधतो. बांधाच्या बाजूला मात्र दगड आहेत आणि दगडावर घासली की ब्रेड बघता बघता कुरतडली जाते. तिथे पुढे दोन फूट जाड तंगूसाचा लीडर जोडावा. गाठ पालोमर, आवळण्याआधी थुंकीने ओली केलेली. रीळाच्या स्पूलवर ब्रेड थेट गुंडाळली तर ती सगळीच्या सगळी गरगर फिरत राहते, म्हणून खाली थोडा साधा तंगूस गुंडाळून घ्यायचा.

त्यानंतर रॉड. साडेसहा ते सात फूट, कारण पाठीमागे करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी आहे, त्याहून लांब रॉडला मागे जागा मिळत नाही. मुठीच्या वर लूरचं वजन छापलेलं असतं, तिथे दहा ते तीस ग्रॅम असं काही असावं. शेंडा वाकावा, पण खालचा दोन तृतीयांश भाग ताठ राहावा. कार्बन हलका, त्यावर पाण्यातली हालचाल हाताला कळते. फायबरचा रॉड जड, पण दगडावर आपटला तरी निभावतो, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तोही सुचवतो. कोणताही घेतलात तरी दुकानात कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून बघा. कडीच्या आतल्या अंगाला केसाएवढी चीर असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. डोळ्यांना न दिसणारी ती चीर ब्रेड कापत राहते.

आणि शेवटी रीळ. भाच्याचा जीव बेटकास्टरवर होता. जिथे हवा तिथे बेडूक टिपायला ते उत्तमच, पण फेकताना अंगठा जरा उशिरा टेकला की दोरीचा गुंता होतो आणि अख्खी सकाळ तो सोडवण्यात जाते. त्याला मी तीन हजार ते चार हजार मापाचं साधं स्पिनिंग रीळ घ्यायला लावलं. खोक्यावर बेअरिंगचा आकडा ठळक छापलेला असतो, त्याकडे बघू नये. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला धरणारा रीळाचा ब्रेक, आवळून दोरी हाताने ओढावी. ती अडखळत, झटके देत सुटली तर रीळ कितीही महाग असो, नको. एकसारखी सुटली पाहिजे. हँडल मागे फिरवून बघावं, त्यात ढिलाई नसावी. घरी आल्यावर दोरीला स्प्रिंगचा वजनकाटा लावून ड्रॅग चार-साडेचार किलोवर लावला. चाळीस पौंडी दोरीच्या ताकदीचा हा साधारण चौथा हिस्सा.

पण हे सगळं सामान घेऊन तो श्रावणात आला, तेव्हा एकही बेडूक पाण्यात पडला नाही. पावसाची उघडीप होती, पाणी काठोकाठ. बांधाच्या बाजूला आम्ही गेलोच नाही. पावसाळ्यात इथे माणसं बुडतात, प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात आणि ते पाळायचे असतात. वरच्या अंगाला, बाबांच्या झोपडीजवळून नुसतं बघत उभे होतो. गवताच्या मोकळ्या जागेत पाणी थरथरत होतं, मुठीने कुंकू टाकावं तशी लालसर झाक. झाक सरकत होती, फुटत होती, पुन्हा एक होत होती.

“पिल्लं हायत,” बाबा म्हणाले. “खाली दोगं बसल्यात. आज हितं कायबी टाकायचं नाय.”

मरळीची पिल्लं जन्मतात तेव्हा अशी लालसर असतात आणि गोळ्याने फिरतात. तीही हवा घ्यायला वर येतात, म्हणून पाणी थरथरतं. आईबाप खाली राखण करतात. त्या गोळ्यावरून काहीही गेलं तरी ते भुकेसाठी नाही, राखणीसाठी झडप घालतात. गोळ्यावर बेडूक टाकला तर मरळ जवळजवळ हमखास लागते, आणि व्हिडिओत हे युक्ती म्हणून शिकवलं जातं. मला त्याचा राग येतो. राखणदार उचलला की तासाभरात चिलापी आणि पाणकावळे तो गोळा फस्त करतात. एक मासा पकडून पुढच्या वर्षीचं सगळं तळं रिकामं करायचं, याला कौशल्य लागत नाही. अमेरिकेतही बासचा नर असाच घरट्यावर राखण करतो, आणि तिथे काही ठिकाणी त्या काळात मासेमारीवर बंधनं असतात. आपल्याकडे सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारायला कायद्याने बंदी आहे, पण लाल गोळ्याची राखण करणाऱ्या मरळीला वाचवणारं काठावर कोणी असलं तर ते आपणच.

मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात, तेव्हाही पोटात गाभोळी असते. घरात ते मासे आवडीने खाल्ले जातात, मी लहानपणी खाल्लेत. आता मी वलगणीला जात नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना मी काही सांगणार नाही. हौसेसाठी रॉड घेणाऱ्याला मात्र नक्की सांगेन.

भाचा थोडा हिरमुसला, मग त्यानेच विचारलं, “मामा, मग कधी?”

पिल्लं तपकिरी होऊन पांगली की. म्हणजे नवरात्राच्या पुढे, पाणी नितळायला लागल्यावर. त्याआधी तळं ज्यांच्या ठेक्यात आहे त्यांना विचारायचं, आणि तिन्ही बेडकांच्या गळांचे काटे पकडीने दाबून सपाट करायचे. काटा नसलेला गळ तोंडातून सहज निघतो, मासा सोडायचा असेल तर धडधाकट सुटतो. फक्त दोरी सैल पडू द्यायची नाही. मरळ बेडकावर फुटली की लगेच झटकाही द्यायचा नाही. ती आधी धरते, मग गिळते. ‘एक, दोन’ म्हणावं, दोरीवर वजन जाणवलं की मगच रॉड वर. हे मी घराच्या गच्चीवर, दोरीला पाण्याची बाटली बांधून, त्याच्याकडून करवून घेतलं. तुटलेली दोरी ठेवायला एक झाकणाचा डबाही मी त्याच्या पिशवीत टाकला. काठावर राहिलेल्या तंगूसात पाणकोंबडीचे पाय अडकलेले मी सोडवले आहेत, आणि प्रत्येक वेळी वेळेवर पोचलोय असं नाही.

राहिलेल्या पैशांतून त्याला दुसरं रीळ घ्यायचं होतं. मी त्याला ध्रुवीकरणाचा चष्मा घ्यायला सांगितलंय. पाण्यावरची चमक त्याने मरते आणि खालचं दिसतं. गोळा कुठे आहे हे कळायला तो आधी हवा.