वर्दी

'वर्दी' या शब्दाचा कोशातला अर्थ खबर. मुंबईतील एका अग्निशमन केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या आम्हांला मात्र त्याचा अर्थ अर्धवट राहिलेले जेवण असाच ठाऊक होता. सकाळची हजेरी, कवायत, बंबाची तपासणी, ओले होज वाळत घालणे, हे सारे उरकून वडील ताटावर बसत आणि नेमकी घंटा होई. आई ताट झाकून ठेवी. ते कधी परततील, हे आम्ही तिला कधीच विचारले नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट होऊन दलाचे ६६ जवान गेले. दर १४ एप्रिलच्या मानवंदनेत आम्हांला तो आकडा ऐकू येई. आज वाटते, त्या रात्री किती घरांत ताटे झाकलेलीच राहिली असतील!