सिमेलुएच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ

इंडोनेशियाच्या आचे प्रांताला ‘मक्केची ओसरी’ म्हणतात. एके काळी तिकडच्या बेटांवरचे हाजी याच किनाऱ्याचा निरोप घेऊन पुढे जात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत बांदा आचे शहराचा मोठा भाग वाहून गेला, पण बैतुर्रहमान मशीद उभी राहिली. तिथे नमाज अदा करून बहुतेक पाहुणे परततात. आम्ही पुढे सिमेलुए बेटावर गेलो.

बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर करडे, गोल दगड पसरले आहेत. काही परातीएवढे, काही बैलगाडीच्या चाकाहून मोठे. हात लावल्यावर कळते की हे दगड नव्हेत, मेलेले प्रवाळ आहेत. ओहोटीच्या पाण्यावर डोके निघाले की प्रवाळ जगत नाही. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपात बेटाचे हे टोक काही मिनिटांत सुमारे दीड मीटर वर आले आणि सारे प्रवाळ उघडे पडले. शास्त्रज्ञांनी त्यांचा जुना माथा आणि ओहोटीची नवी पातळी यांतले अंतर मोजले. जमीन तेवढीच उचलली गेली होती.

भूकंपाआधीचा हिशोबही त्यातच आहे. प्रवाळाला झाडासारखी वर्षाची वलये असतात. जमीन हळूहळू खचत असेल तर त्याची कड वर वाढत जाते आणि वाटीसारखा आकार होतो. जमीन थोडी उचलली गेली तर माथा मरतो, खालची कड वाढते आणि टोपी तयार होते. समुद्राचा तळ वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सुमात्राखाली सरकतो आणि अडकलेल्या बेटांना सोबत खाली ओढतो. अडकण सुटली की बेटे उसळतात. बांदा आचेची जमीन मात्र त्याच दिवशी खचली.

आता हेच काम जीपीएस यंत्रेही करतात. जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकली तरी त्यांना कळते. २८ मार्च २००५ ला शेजारच्या नियास बेटाजवळ पुन्हा ८.६ चा भूकंप झाला. तिथला पश्चिम किनारा जवळजवळ ३ मीटर वर आला.

सिमेलुएच्या लोकांकडे यंत्रे नव्हती. १९०७ च्या लाटेनंतर आज्या-नान्यांनी नातवंडांना ‘स्मोंग’ हा एकच शब्द शिकवला: जमीन हादरली, समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये बेटावरच्या सुमारे ७८ हजारांपैकी फक्त सात जण दगावले. मला विचाराल तर या साऱ्या प्रवासात याहून मोठी गोष्ट मी ऐकली नाही.

दक्षिणेकडच्या मेन्तावाई बेटांवर १७९७ आणि १८३३ मध्ये मोठे भूकंप झाले. २००७ च्या भूकंपात साठलेल्या ताणाचा थोडाच भाग सुटला. सिबेरुत बेटाखालचा तुकडा अजून अडकलेलाच आहे आणि समोर पाडांग हे दाट वस्तीचे शहर. तिथल्या रस्त्यांवर, त्सुनामी आली तर कुठे जायचे त्याच्या पाट्या लावल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटली होती आणि मुले त्या पाट्यांखालून घरी चालली होती.